खेकड्याची किल्ली

रोसिबेल : अरे, ओरडू नकोस! बाहेर गिऱ्हाइकं बसलीत. आणि तो फोन तव्यावर नाचवू नकोस, पडला तर या सारणभरल्या मक्याच्या पुपुशांबरोबर भाजून निघेल.

नेफ्ताली : भाजू दे! ताई, उघडलं! पाकीट उघडलं!

रोसिबेल : कुणाचं पाकीट? नेफ्ताली, चोरी केलीस?

नेफ्ताली : खिशातलं नाही गं. बिटकॉइनचं. ते आम्ही मित्र खेळतो ना? फोनवर कुठलंही वाक्य टाकायचं, की त्यातून एक किल्ली तयार होते. त्या किल्लीचं पाकीट कुणाचं असलं, तर उघडतं आणि आत काय आहे ते दिसतं. ज्याला भरलेलं सापडेल, त्याला सगळ्यांनी मिळून बिअर पाजायची.

रोसिबेल : म्हणजे अख्खा उन्हाळा लाटेवर फळ्या घेऊन लोळायचं आणि उरलेल्या वेळात लोकांच्या कुलपांत काड्या घालायच्या. चांगला धंदा आहे. सरक, मला चीज घेऊ दे.

नेफ्ताली : पण आजवर कुणालाच सापडलं नव्हतं! संतांची नावं टाकली, फुटबॉलचे संघ टाकले, पोरींची नावं टाकली. सगळं रिकामं.

रोसिबेल : आणि आज सापडलं. मग लागली असेल लॉटरी. कुणाला तरी लागतेच की.

नेफ्ताली : नाही लागत! तेच तर सांगतोय, लागूच शकत नाही! ऐक. हा बाहेरचा किनारा आहे ना? त्याची सगळी वाळू धर.

रोसिबेल : धरली.

नेफ्ताली : फक्त आपली नाही, साऱ्या जगातल्या किनाऱ्यांची. त्यातल्या एका कणावर मी खूण केली. तू डोळे मिटून हात घातलास आणि नेमका तोच कण उचललास.

रोसिबेल : देवाच्या मनात असलं तर उचलीन.

नेफ्ताली : थांब गं. तो कण परत टाकला, वाळू ढवळली. तू पुन्हा हात घातलास, पुन्हा तोच. परत टाकला, परत तोच. असं लागोपाठ चारदा. आपण होऊन एखादी किल्ली सापडणं म्हणजे ते. जगात लाखो पाकिटं भरलेली असतील, तरी तेच. जगातली सगळी यंत्रं जुंपली आणि सूर्य विझेपर्यंत चालवली, तरी आंधळ्यानं मारलेला गोळा तो, कुठे लागायचा नाही.

रोसिबेल : मग तुझा कसा लागला? तू काय मोठा नेमबाज?

नेफ्ताली : हां! आता विचारलंस! नशिबानं लागणं शक्यच नाही. म्हणजे मी डोळे मिटून हात घातलाच नव्हता. कण कुठे आहे ते मला ठाऊक होतं, पण ठाऊक आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

रोसिबेल : सरळ बोल. काय टाकलंस?

नेफ्ताली : आई कुठेय?

रोसिबेल : गिरणीत गेलीय. काय टाकलंस, नेफ्ताली?

नेफ्ताली : आई आपल्याला खाडीतून बोलवायची ते. खेकड्याचं.

रोसिबेल : “खेकड्या खेकड्या, नांगी मोड, भरती आली, चिखल सोड”?

नेफ्ताली : असं टाकलं तर रिकामं.

रोसिबेल : मग?

नेफ्ताली : “नांगी गोड.”

रोसिबेल : गोड?

नेफ्ताली : हो. ताई, पुपुसा करपतेय.

रोसिबेल : करपू दे. पुन्हा टाक. माझ्यासमोर टाक.

नेफ्ताली : हे बघ, “मोड”. काही नाही. आता “गोड”. बघ. एक अक्षर बदललं तरी किल्ली पार वेगळी होते, हिचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. आणि ही उघडते.

रोसिबेल : “गोड” कोण म्हणायचं, माहीत आहे ना तुला?

नेफ्ताली : मी पाळण्यात होतो. पण तुम्हीच तर सांगायचा.

रोसिबेल : विल्बर. नांग्या खायची एवढी हाव की आईनं “मोड” म्हटलं की हा चिखलातून ओरडायचा, “गोड, गोड!” पुढे तू मोठा झालास, तेव्हा तिला चिडवायला आपण तिघंही तसंच म्हणायला लागलो. जिकिलिस्कोच्या त्या खाडीबाहेर कुणी ऐकलंसुद्धा नाही ते. आईनं स्वतः रचलेलं. भरती चढली की पोरं खारफुटीत अडकतील म्हणून.

नेफ्ताली : तेच म्हणतोय मी! हे जगात चौघांनाच ठाऊक. तू नाहीस, मी नाही, आईला तर फोन उलटा धरलाय हेही कळत नाही. उरला कोण?

रोसिबेल : नको. ते नाव घेऊन मला आशा लावू नकोस. दर वर्षी मृतांच्या सणाला आई त्याच्या नावाच्या क्रुसाला फुलं वाहते. खाली काही पुरलेलं नाही, तरी वाहते. तिनं एवढ्या वर्षांत कसंबसं मन घट्ट केलंय. तू त्यावर कुऱ्हाड घालू नकोस.

नेफ्ताली : पण हे बघ तरी! या पाकिटांचा सगळा हिशेब जगाला दिसतो, फक्त नाव दिसत नाही. शेवटचे पैसे कधी टाकलेत? गेल्या शुक्रवारी! मेलेला माणूस शुक्रवारी पैसे टाकतो?

रोसिबेल : कुणाला तरी सांगितलं असेल त्यानं. मरायच्या आधी. एखाद्या बाईला.

नेफ्ताली : असेल. मग त्या बाईला विचारू! काहीही असलं, तरी तिकडे कोणीतरी आहे ज्याला विल्बरदादा भेटलाय.

रोसिबेल : जिवंत असता तर नऊ वर्षं गप्प बसला असता?

नेफ्ताली : कसा बोलेल? आठव ना तू. तो बस चालवायचा, फेरीमागे हप्ता दे म्हणून टोळीवाले त्याच्या मागे लागले, त्यानं दिला नाही, रातोरात उत्तरेकडे पळाला. म्हणाला, मला फोन करू नका, तुम्हाला त्रास देतील. पंधरवडाही झाला नाही तोवर त्यांनी घर जाळलं. आपण नारळाच्या ट्रकमधून इकडे आलो. फोन तूच माझ्या हातातून घेऊन पुलावरून नदीत फेकलेस. आपण गेलो कुठे हे शेजाऱ्यालाही सांगितलं नाही. तो आपल्याला शोधणार कुठे?

रोसिबेल : …फेकले मी. खरंय.

नेफ्ताली : मी दोष देत नाहीये. तेव्हा मला तेरावं चालू होतं, तू नसतीस तर मी आज नसतो.

रोसिबेल : पुरे. आता हे सांग, त्याला निरोप कसा द्यायचा? पाकिटाला फोन लावता येतो?

नेफ्ताली : नाही. पण पैसे पाठवताना सोबत एक ओळ बांधता येते. छोटीशी. मी त्याला चार पैसे पाठवतो आणि ओळ बांधतो.

रोसिबेल : आणि ती त्यानं पाहिलीच नाही तर?

नेफ्ताली : हं. चार पैसे आले म्हणून कोण एवढं बारकाईनं बघतो.

रोसिबेल : आले तर नाही बघत. गेले तर?

नेफ्ताली : म्हणजे?

रोसिबेल : गल्ल्यात दोन नाणी जास्त निघाली तर मी देवाचे आभार मानते आणि विसरते. एक कमी निघालं, तर सगळी टेबलं उलटीपालटी करते. तुझ्याकडे किल्ली आहे ना? काढ त्यातले.

नेफ्ताली : ताई! दादाच्या पाकिटात हात घालू?

रोसिबेल : लहानपणी मी त्याच्या चड्डीच्या खिशातून बोरं काढायचे, तसंच समज. तीन पुपुशांपुरते काढ, वर एक नको. आणि ओळ बांध.

नेफ्ताली : काय लिहू? लवकर सांग.

रोसिबेल : लिही, “चोर आम्ही. आई सुखरूप. फोन कर.” आणि दुकानाचा नंबर घाल.

नेफ्ताली : ते सगळ्या जगाला दिसेल हां. कायमचं. पुसता येत नाही.

रोसिबेल : दिसू दे. पाटीवर रंगवलाच आहे तो. दाब.

नेफ्ताली : दाबू?

रोसिबेल : दाब म्हणते ना! थांब… क्रुसाची खूण करते. हं. दाब.

नेफ्ताली : गेलं. आता पहिली नोंद व्हायला थोडा वेळ लागेल. मग तो कधी बघेल, कुणास ठाऊक. आज, उद्या, महिन्यानं…

रोसिबेल : जा, त्या चार जणांना कोबीचं लोणचं वाढ. इथं उभा राहून माझं काळीज कुरतडू नकोस.

(फोन वाजतो.)

नेफ्ताली : ताई! फोन! उचल, उचल!

रोसिबेल : हॅलो? हॅलो, कोण?… हो. आठ मिश्र. दोन नुसत्या चीजच्या. हो, लोणचं भरपूर देते, दर वेळी काय विचारतोस!… मेला, त्या खालच्या हॉटेलातला होता.

नेफ्ताली : दे, मी पीठ थापतो.

रोसिबेल : तू? तुझ्या पुपुशा होडीसारख्या होतात. थाप, थाप. आज काहीही चालेल.

नेफ्ताली : ताई, पुन्हा वाजतोय. हा नंबर बघ. उत्तरेकडचा आहे. अमेरिकेचा!

रोसिबेल : तू उचल.

नेफ्ताली : तू उचल! मला बोलता येणार नाही.

रोसिबेल : हॅलो.

फोनवरचा आवाज : कोण बोलतंय?

रोसिबेल : तुम्ही कोण?

फोनवरचा आवाज : माझे पैसे काढलेत तुम्ही. तीन डॉलर. बाकीचे सोडलेत, म्हणजे आणखी काही हवंय. बोला, काय हवंय?

रोसिबेल : तुझा आवाज… जाड झालाय.

फोनवरचा आवाज : बाई, मला खेळवू नका. माझी माणसं जळून मेली. मी शेजाऱ्याला फोन केला होता. तो म्हणाला, राख आहे, माणूस नाही. मी त्यांच्या नावानं मेणबत्त्या लावतो. त्यांच्या नावावर पैसे उकळायचे असतील तर दुसरा गाठा.

रोसिबेल : राख होती, कारण आम्ही निघालो होतो! ट्रकमधून! आणि तू आमच्या नावानं मेणबत्त्या लावतोस? इकडे आई तुझ्या नावानं फुलं वाहते! अरे देवा, दोन्हीकडून!

फोनवरचा आवाज : ते गाणं तुम्हाला कुठूनही कळलं असेल. मला सांगा, रोसिबेलचा पुढचा दात कसा पडला?

रोसिबेल : पडला? पाडलास! वल्ह्यानं! आणि आईला सांगितलंस की वरून नारळ पडला. नारळ! आणि तिथं जवळपास नारळाचं झाडच नव्हतं, गाढवा, नुसती खारफुटी होती! आईनं तरी विश्वास ठेवला, कारण तू तिचा लाडका!

फोनवरचा आवाज : वल्ह्यानं…

रोसिबेल : विल्बर? आहेस ना? तोडू नकोस. विल्बर!

विल्बर : आहे. छपरावर आहे. कामावर. खाली बसतो, थांब. थांब जरा.

रोसिबेल : धरून बस. एवढ्या वर्षांनी सापडलास, आता छपरावरून पडू नकोस.

विल्बर : रोसी, ते लहानगं? नेफ्ताली?

रोसिबेल : लहानगं आता माझ्यापेक्षा हातभर उंच आहे आणि माझ्या पिठात रडतंय. त्यानंच उघडलं तुझं पाकीट. घे, बोल.

नेफ्ताली : दादा! दादा, असली किल्ली कोण ठेवतं? एवढीशी ओळ! चोरांची यंत्रं दिवसरात्र ओळी टाकून बघत असतात! जरा तरी अक्कल?

विल्बर : मोठी, बिनचूक किल्लीही देत होते. आकड्यांची. मी म्हटलं, ती माझ्याबरोबर मरेल. ही तरी… कुणी उरलंच असेल तर उघडेल. तसं वाटत नव्हतं. पण ठेवली.

नेफ्ताली : मी सहज टाकली रे. दगडावर बसलो होतो, भरती चढत होती, म्हणून आठवलं.

विल्बर : पैसे काढ त्यातले. सगळे. तुमचेच आहेत.

नेफ्ताली : नको. आधी तू ये. नाहीतर आम्ही येतो. नाहीतर… मला काय बोलायचं तेच कळत नाही. ताईला देतो.

रोसिबेल : विल्बर, आई आलीय. गिरणीतून, मागच्या दारानं. थांब, तिला बोलावते.

विल्बर : नको! लगेच नको. माझा आवाज बघ कसा झालाय. घाबरेल ती.

रोसिबेल : बरं. थांबते.

विल्बर : ती कुणावर ओरडतेय?

रोसिबेल : ऐकू येतंय तुला? गिरणीवाल्याच्या नावानं खडे फोडतेय. पीठ जाडं दळलं म्हणून. तो तिकडे, ही इथं, तरी चालूच आहे. गप्प करू का तिला?

विल्बर : नको. फोन जरा तिच्याकडे कर. चालू दे तिचं.