पंखे फिरतात, चित्र नाही

इंडोनेशियातल्या सुराबायाच्या कॉम्प्युटर बाजारात दुरुस्तीच्या रांगेत मेलाती बंद पडलेला प्रिंटर मांडीवर घेऊन बसली होती. समोर काउंटरवर एक वयस्क जोडपं कारागिराशी बोलत होतं.

“पडदा घरीही काळा, इथेही काळा. मी सांगत होतो, तयार कॉम्प्युटर घेऊ.”

“अहो, गप्प बसा जरा. तेवीस वर्षं शिलाई मशिनं खोलून जोडली मी. हेही मीच जोडलंय.”

“इबू,” कारागीर त्या बाईंना तिकडच्या रीतीनं आदरानं म्हणाला, “पंखे फिरतायत, पण चित्र नाही. मदरबोर्ड गेलाय. आठवडाभर ठेवून जा.”

“आठवडा? सोमवारी माझ्या भरतकामाच्या वर्गाला नऊ बायका येणार, ह्याच्यावर नक्षी शिकायला! रॅम काढून परत बसवलीस?”

“बसवली.”

“पडद्याची वायर कुठे खोचलीस?”

“ही काय, मदरबोर्डला.”

“मीही घरी तिथेच खोचली होती. पण प्रोसेसर विकणारा म्हणाला होता, ह्याला स्वतःला चित्र दाखवता येत नाही, वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्या. मी घेतलं. मग वायर त्या कार्डाला नको?”

“…थांबा, इबू, बघतो.”

“तू सरक. मीच लावते.”

“अगं, लोक बघतायत.”

“बघू देत की! … आलं! अहो, आलं चित्र! गेलाय म्हणे मदरबोर्ड!”

रांगेत टाळ्या पडल्या. मेलाती प्रिंटर उचलून कारागिराला वळसा घालून पुढे गेली.

“इबू, तुम्हाला प्रिंटरमधलं काही कळतं का हो?”

उत्तर नवऱ्यानंच दिलं.

“कळतं का म्हणून काय विचारता? आणा इकडे!”