वरातीच्या गाडीचं दुखणं

नाथाजी : ऐकलंस? किल्ली काढून खिशात घातली, तरी धडधडतीया. आता तूच सांग हरिबा, क्रँकचं बेअरिंग गेलं न्हवं?

हरिबा : गेलं का ऱ्हायलं ते मी बघतो. तू पयलं बॉनेटवर डोकं टेकून रडायचं थांब.

बनाबाई : कालधरनं असंच चाललंय भावजी. सांगलीच्या भंगारवाल्याला निरोप धाडून मोकळं झाल्यात. सांजच्याला ट्रक घिऊन येतोय त्यो.

हरिबा : काय म्हणाली वैनी?

नाथाजी : मोठ्यानं बोल गं. तोफखान्यात कान गेल्यात हेचे.

बनाबाई : म्हंजी इंजनाचा आवाज बघायला बहिऱ्याकडं आलोय आपण!

हरिबा : ह्ये मातर बराबर ऐकू आलं, वैनी. बघा, फौजेतली तऱ्हा हाय. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजनाला लावायचं, मूठ दातात धरायची. आवाज हाडातनं डोक्यात चढतोय. आता गप झालीया, कर परत चालू, नाथाजी.

नाथाजी : केली. हं? काय म्हणतंय?

हरिबा : अं... अंहं... अं.

नाथाजी : गेलंय?

बनाबाई : आवं, त्येंच्या तोंडात दांडा हाय, बोलतील कशानं?

हरिबा : खाली काय न्हाई. क्रँक गपगार हाय. आता वरच्या अंगाला लावतो, जरा रेस दे... अं! अं अं!

नाथाजी : मेलो.

हरिबा : बंद कर. मरतोस कशाला? ठोका वरनं येतोय, हेडातनं, इंजनाच्या डोक्यातनं.

नाथाजी : वरनं काय, खालनं काय! विलायती गाडी, दोन सीटांची. हिचं सामान हितं कुठलं मिळायला? मैलाचा आकडा एकदा पुरा फिरून शून्यावर आलाय. म्हातारी झाली रं.

हरिबा : प्लग काढू दे... हा घे. काय दिसतंय?

नाथाजी : कोळसा.

हरिबा : आता सांग, ही गाडी शेवटची पळवली कवा?

नाथाजी : परवाच की. कोरेगावात वरात हुती.

हरिबा : वरात न्हवं. पळवली कवा?

बनाबाई : पळवत्यात कुठं! म्होरं बँड, बँडाम्होरं नाचणारी पोरं. माणूस चालंल तेवढीच सरकती गाडी. पेट्रोल महागल्यापास्नं तर एरवी गोठ्यात झाकूनच असती.

नाथाजी : हिच्या मालकाचा, साहेबांचा ड्रायव्हर हुतो तवा वाऱ्यागत पळायची. गाव सोडून जाताना किल्ली माझ्या हातात दिली त्येनी. तवाधरनं वरातीच.

हरिबा : मग झालं तर. पळायला जल्मली ही, आन् तू तिला नुसती चालवलीस. पोटात काजळी बसली. ती तापून लाल हुती, आन् किल्ली काढली तरी तिच्यावरच पेट्रोल पेटतंय. ठोका बी तिचाच.

नाथाजी : म्हंजी बेअरिंग...

हरिबा : शाबूत हाय.

नाथाजी : यमाईची आण?

हरिबा : यमाईची आण. दातानं ऐकलंय गड्या.

बनाबाई : आवं, बसा खाली. पाणी घ्या.

नाथाजी : डोळा मिटला की भंगारवाल्याचा हातोडाच ऐकू यायचा गं.

बनाबाई : मला सांगायचं न्हवं का? मी बी जागीच हुते.

हरिबा : आता प्लग साफ करून देतो. लोणंदच्या रस्त्याला काढ आन् दाब. मागं काळा धूर निघंल, भिऊ नगं. मोकळी पळली की थांब, किल्ली काढ. तिथंच गप झाली तर सुटलास. न्हाईच झाली, तर हेड उघडून काजळी खरवडू.

नाथाजी : तू बी चल.

हरिबा : सीटा दोनच हायत, वैनीला ने. भंगारवाला तुला हुडकत हितं आला तर मी हाय. किती बी बोलू दे, मला काय ऐकू येतंय?

बनाबाई : मी? मी कवा बसलीया हिच्यात? परक्या नवरीसाठी फुलं तेवढी बांधली.

नाथाजी : बस. पदर खोचून घे नीट.

(लोणंदचा रस्ता. दुपार कलली आहे.)

बनाबाई : आवं, हळू! ... न्हाई न्हाई, हळू नगा. पळवा!

नाथाजी : मागं धूर बघ कसला!

बनाबाई : मागं बघायचं तुमी. मी म्होरंच बघती. वड गेला, वढा गेला, उसाचं रान गेलं... अंबाडा सुटला तरी मला न्हाई कळलं...

नाथाजी : गाणं म्हणतीस व्हय?

बनाबाई : आपसूक आलं तोंडात.

नाथाजी : थांबवतो आता. ठोका येतोय का गं कानाला?

बनाबाई : कानात नुसतं वारं भरलंय.

नाथाजी : किल्ली काढतो. माझा हात धर.

बनाबाई : धरलाय.

नाथाजी : ...काढली.

बनाबाई : आवं, झाली का बंद?

नाथाजी : झाली.

बनाबाई : एकदम?

नाथाजी : एकदम. निजल्या लेकरागत.

बनाबाई : मग करा की परत चालू. आजून उजेड हाय.