वाळलं म्हणणारं यंत्र

एकोणीसशे एकोणसाठ साल, श्रावण सरत आला आहे आणि माझ्यापुढे दवाखान्याच्या चादरींचा ढीग आहे. घड्या घालता घालताच सांगते, तुम्ही लिहून घ्या, हात थांबवायला मला फुरसत नाही. मी अनसूया, जातीने परीट, जन्म हिंगणघाटचा, वेणा नदीच्या काठी कपडे आपटणाऱ्या घरातला. बापाने चौथीपर्यंत शिकू दिलं आणि मग नदीवर उभं केलं, लग्न झालं तेही परटाच्याच घरी, नवरा गेला तशी या दवाखान्याच्या धुलाईघरात लागले. आता मीच तिथली मुकादम, हाताखाली माझी धाकटी जाऊ वेणू आणि आणखी दोघी. घाण मला नवी नाही. रक्ताची, पुवाची, बाळंतिणीची, सगळी धुतली, कधी नाक मुरडलं नाही. पण या श्रावणात जी किळस आली तशी जन्मात आली नव्हती, काय सांगू तुम्हाला, आणि ती आली त्या यंत्रापायी.

अमेरिकेतल्या कोण्या दयाळू मंडळींनी कपडे वाळवायचं यंत्र पाठवलं. बाहेरून पांढरं, पोटात लोखंडी ढोल, ढोल फिरतो आणि आत गरम हवा जाते. खुबी अशी की कपडे वाळले की ते आपलं आपण थांबतं आणि वरचा दिवा विझतो, माणसाने बघायला नको. वेळ लावून चालवायची एक खुंटीही होती म्हणे, पण ती बोटीतच तुटून आली. उन्हाळाभर आम्ही ते कौतुकाने अधूनमधून चालवलं, कारण बाहेर ऊन होतं, दोऱ्या होत्या. पाऊस लागला, दोऱ्यांवर काही वाळेना, सगळा भार यंत्रावर आला आणि त्याने दगा दिला. ओल्या चादरी घालाव्या, ढोल दोन-चार गिरक्या घेतो न घेतो तोच बंद, दिवा विझलेला, म्हणजे वाळलं. हात घालावा तर पिळून पाणी निघेल अशा चादरी. पुन्हा चालवा, पुन्हा तेच, वाळलं म्हणे. आणि तो वास! कोमट, आंबूस, तांदळाची पेज झाकून ठेवून विसरावी तसा.

पेजेचा वास येणारच, कारण कांजी. परटाच्या हातचा कपडा कांजीशिवाय बाहेर पडत नाही, आमच्यात ती लाज समजतात. आणि वॉर्ड सांभाळणाऱ्या मेट्रनबाईंनाही चादर अशी कडक हवी की पलंगावर टाकली की कागदासारखी वाजली पाहिजे. म्हणून धुतलं की कांजीत बुडवायचं, पिळायचं आणि मग वाळवायचं. नदीवर हेच केलं, इथेही हेच.

आता सरूचं सांगते, कारण सगळा जीव तिच्यापाशी अडकला होता. सरू शेतमजूर, विशीतली पोरगी. पंगतीत बसली होती, वाढणाऱ्याचा पाय घसरला आणि उकळत्या वरणाचा गंज, भलं मोठं पातेलं, तिच्या पाठीवर उपडा झाला. पाठ पूर्ण सोलली. डॉक्टर म्हणाले कोरडं राहिलं तर कातडी धरेल, चिघळलं तर पोरगी हातची जाईल. ती पालथी निजायची, पण झोपेत हलली की पांघरलेली आमची ओलसर, कांजीची चादर पाठीला चिकटायची, सकाळी नर्स पाणी घालून घालून सोडवायची आणि चादरीबरोबर नवी आलेली कातडीही निघायची. त्या चादरी माझ्याकडे धुवायला यायच्या. त्यांवर काय असायचं ते सांगत नाही. मी मेट्रनबाईंना म्हटलं, एवढ्या एका पलंगाला कांजी नको. त्या म्हणाल्या, अनसूयाबाई, यंत्र पाहायला पाहुणे येणार आहेत, वॉर्डात एक पलंग चिंध्यांचा दिसायला नको, तुम्ही आधी यंत्र नीट करून घ्या.

नीट कोण करणार? पावसाळ्यात कापसातून सरकी काढायचे जिन बंद असतात, म्हणून तिथला फिटर रहीमभाई रिकामा होता, त्याला बोलावलं. त्याने आधी हवा पाहिली. म्हणाला, बाई, गरमी तं बराबर हाय. मग मागची जाळी काढली, ती कपड्यांच्या तुसाने गच्च, तो हसायला लागला, हे तं आमचं जिनच निघालं, इथंबी रुईच. जाळी झाडली, तरी यंत्र थांबलंच. वेणू म्हणाली, भाई, तुमच्या हातचं नाई हे, अमेरिकेले तार करा. तो म्हणाला, तू चहा कर वं, तार मी पाहतो.

आणि खरंच तारेचा एक तुकडा घेऊन तो ढोलात वाकला. ढोलाच्या आत दोन पट्ट्या बसवलेल्या आहेत. ओला कपडा दोन्हींना एकदम टेकला की ओलीतून वीज या पट्टीवरून त्या पट्टीवर जाते, ती जात राहिली की यंत्र समजतं अजून ओलं आहे, जायची थांबली की वाळलं. रहीमभाईने दोन्ही पट्ट्या तारेने बांधल्या, दार लावलं, तर ढोल फिरतच राहिला, थांबायचं नाव नाही. तो म्हणाला, पाहा, पट्टीच्या पुढचं सारं चांगलं हाय, पट्टीलेच ओल समजून नाई राह्यली. काऊन ते समजत नाई.

मी हात घातला. पट्टी हाताला लोखंडासारखी लागेना, गुळगुळीत, जाड, गोंद फासल्यासारखी. नखाने खरवडलं तर पांढरट पापुद्रा निघाला, त्याखाली पिवळा चिकट थर, आणि तो वास एकदम नाकात. मी तो पापुद्रा वेणूपुढे धरला. वेणूने पापुद्रा बोटांत चोळला आणि म्हणाली, अवो बाई, हे तं आपली कांजी हाय. रहीमभाई कपाळाला हात लावून म्हणाला, झालं, तुम्ही यंत्रालेच कडक इस्त्री केली.

गरम पाणी, चिंच आणि राख घेऊन वेणूने आणि मी पितळेची भांडी घासावी तशा त्या पट्ट्या घासल्या. ढोलाच्या खालूनही आंबलेला लगदा निघाला, त्यात अळ्या होत्या. ज्या पोटात अळ्या, त्यात आम्ही आजाऱ्यांच्या चादरी फिरवत होतो. मग कांजी न लावता एक घाणा घातला. चहा झाला, पिऊन झाला, ढोल फिरतोच आहे. थांबला तेव्हा चादरी गरम आणि कोरड्या ठणठणीत.

मेट्रनबाईंनी ती चादर चिमटीत धरली. म्हणाल्या, ही चादर की पोतेरं? पाहुण्यांपुढे हे घालायचं? उद्या कांजी करूनच पाठवा. मी ती चादर त्यांच्या चिमटीतून घेतली आणि घडी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रनबाई यायच्या आत मी बिनकांजीच्या चादरी घेऊन स्वतः वॉर्डात गेले. रात्रीही सरूला तसलीच कोरडी चादर दिली होती. नर्स पाण्याचं भांडं घेऊन उभी होती, तिला म्हटलं थांब. सरूने उशीत तोंड खुपसलं आणि म्हणाली, मावशी, हळू वढजा. मी चादरीचं टोक धरलं आणि उचललं. ती नुसती उचलली गेली. सरू म्हणाली, वढा नं, काऊन थांबल्या? मी म्हटलं, काढली. मग सगळ्या पलंगांवर तसल्याच चादरी घातल्या आणि मेट्रनबाईंची वाट पाहत दारात उभी राहिले.