गोटा का उडते का?

नाही, तुम्हीच सांगा, शिकून करायचं काय? बी.एस्सी. झालो मी, ब्याऐंशी साली, रसायनशास्त्र घेऊन, आणि घरात माझं ऐकतं कोण? कोणी नाही! आमचे बाबा, रामाजी, नालवाडीपासून सिंदी मेघेपर्यंत घरोघरी जाती टाकत फिरायचे. टाकत म्हणजे फेकत नाही हो! जात्याचा दगड गुळगुळीत झाला की छिन्नीनं त्याला पुन्हा टाके पाडायचे, दोन ठोके की एक फुंकर, दोन ठोके की एक फुंकर, भुकटी उडाली की टाका दिसतो... आणि ती भुकटी जाते कुठे? तीस वर्षं ती कुठे गेली? बाबांच्या छातीत! मी सांगितलं, "बाबा, ह्या लाल गोट्यात सिलिका असते, ती छातीत रुतून बसते." तर खोकत खोकत म्हणतात, "शिलिका? कोन्त्या गावची पोट्टी होय? आन् गोटा का उडते का बाप्पा?"

आई हसली. तुम्हाला सांगतो, डोळ्यांना पदर लावून हसली.

मी म्हटलं, ज्वारीच्या पानातही सिलिका असते, म्हणून तर बोट चिरते, म्हणून तर धांडा उभा राहते. तर म्हणतात, "मंग ज्वारीले काऊन नाई होत खोकला?"



दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला, "टीबी." मी म्हटलं, "साहेब, थुंकी तीनदा तपासली, जंतू सापडले नाहीत, हे दगडाच्या धुळीचं..." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "डॉक्टर तू की मी? दगड काय हवेत उडतो?" घ्या! एवढे शिकलेले, तेही बाबांच्याच शाळेतले! महिनोन् महिने सुया टोचल्या. सुया संपल्या, खोकला तसाच.

मग दगडावर पाणी शिंपडायला लावलं. ऐकलं हो बाबांनी, एकदाच! तर जातं टाकवून घेणाऱ्या रुख्माबाई कमरेवर हात ठेवून उभ्या, "काऊन जी रामाजी, जातं टाकून राह्यले का आंघोळ घालून राह्यले? मले आजच दळाचं हाये!" बाबा ओशाळले. तोंडाला फडकं बांधून दिलं, तर फुंकायला ते खाली ओढावंच लागायचं ना! दर दोन ठोक्यांनी! मी ओरडलो, "बाबा, मरसान!" तर, "लेका, गोटा का उडते का?"

आता त्यांची फुंकर बंद झाली. खरंच! पण माझ्या विज्ञानानं नाही हो... छातीत वाराच उरला नाही. काल अंगणात आईचं जातं घेऊन बसले. दोन ठोके मारले, थांबले, माझ्याकडे पाहिलं. "बाबू, फुक ना गा जरा. टाका दिसून नाई राह्यला."

म्हटलं, झाडणी आणतो. "झाडणीनं खाच बुजते," म्हणाले, आणि छिन्नी तशीच धरून बसले.

फुंकली मी. करतो काय? आणि तुम्हाला सांगतो, फुंकायच्या आधी छातीभर श्वास घ्यावा लागतो.