लिंक हवी, तर सभासद व्हा

...म्हणूनच तुमच्या अध्यक्षीणबाईंना मी फोनवर पुन्हा पुन्हा विचारलं, की नुसतं भाषणच ना? भाषण, कॉफी, आणि संध्याकाळच्या फेरीबोटीने मी घरी? त्या म्हणाल्या, "नुसतं भाषण हो, प्रोफेसर, दुसरं काय असणार." आता हे 'दुसरं काय असणार' मी गेल्या वर्षभरात इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, की ते कानावर पडलं की माझा हात आपोआप कोटाकडे जातो. आल्या आल्या दाराजवळची खुर्ची शोधली, तर तिच्यावर तुम्ही केक ठेवलेला. असो. केक दिसला तेव्हाच मी समजायला हवं होतं.

विषय काय, तर 'आपली वेबसाइट नेटवर वर कशी आणावी'. तुम्हाला आधीच सांगून टाकतो, मला माहीत नाही. मी लॅटिनचा माणूस. मला विचारलंत तर मृत भाषेतलं थोडंफार सांगेन, तेही चुकीचं असण्याची शक्यता आहे. पण बाई म्हणाल्या, "बेटावर सगळे म्हणतात, तुम्हीच त्यातले जाणकार." मला म्हणायचं होतं की बेटावरचे लोक काहीही म्हणतात. पण म्हणालो नाही. गप्प बसलो. आणि आपल्याकडे काय आहे, गप्प बसलं की हो झालं.

मुळात हे सगळं घरासाठी. निवृत्त झालो आणि मी आणि गुड्रून, म्हणजे माझी बायको, आम्ही व्हेस्टरहोल्म बेटावर राहायला गेलो. लहान घर, मागे बटाट्याचा वाफा, वरती दोन खोल्या. त्या खोल्या उन्हाळ्यात पाहुण्यांना द्यायच्या आणि त्यावर घर चालवायचं, असा हिशेब. पाहुणेच येईनात. मग ईस्टरला आमची मुलगी सिग्ने आली. ती ओडेन्स शहरात असते, एका बुटांच्या दुकानाची वेबसाइट नेटवर वर आणणं हाच तिचा धंदा. तिने घर पाहिलं, छत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "बाबा, या उन्हाळ्यात खोल्या भरल्या नाहीत ना, तर घर विकायचं आणि दोघांनी माझ्या तळघरात यायचं. कोरडं आहे, खिडकी पण आहे." आहे, खिडकी आहे. मी पाहिलीये. त्या खिडकीतून शेजाऱ्याच्या गाडीचं मागचं चाक दिसतं. गुड्रून उठली, बाहेर गेली, आणि पुढच्या वर्षीच्या बटाट्यांसाठी नवा वाफा खणायला लागली. आता तुम्हीच सांगा, अशा बाईला तळघरात कसं न्यायचं?

तर मी सिग्नेला विचारलं, लोक का येत नाहीत? ती म्हणाली, "सापडतच नाही तुम्ही. नेटवर 'व्हेस्टरहोल्म, खोली' असं शोधून बघा." शोधलं. खाली जा, खाली जा, पुढचं पान, त्याच्या पुढचं पान... आमच्या वर कोण होतं माहितेय? कधीच बंद पडलेली एक तंबूंची जागा. आणि तिच्यावर यूलंडमधला एक सशांचा व्यापारी, ज्याचं आडनाव व्हेस्टरहोल्म. सशांच्या खोल्यांचे फोटो होते. चांगल्या होत्या, आमच्यापेक्षा उजेड जास्त.

"बाबा, तुम्हाला तर हे कळायलाच हवं," सिग्ने म्हणाली. "तळटिपांसारखं आहे. दुसऱ्यांनी आपापल्या पानावरून तुमच्या पानाची लिंक द्यायची. चांगल्या ठिकाणांनी दिली, की नेटला वाटतं, हा कोणीतरी बरा माणूस दिसतोय." तुम्हाला सांगतो, माझ्या ग्रंथाचा उल्लेख आजवर मोजक्याच लोकांनी केला, आणि त्यातल्या सगळ्यात प्रसिद्ध उल्लेखात 'राउन यांचे मत मात्र ग्राह्य धरता येत नाही' असं आहे. एस्किल राउन, म्हणजे मीच. म्हणजे आयुष्यभर ज्या परीक्षेत नापास झालो, तीच परीक्षा आता बायकोच्या घरासाठी पुन्हा द्यायची.

आणि मग तिने मी स्वतः तयार केलेली वेबसाइट उघडली. खाली खाली सरकत गेली. मग म्हणाली, "बाबा, हे काय आहे?" मी म्हणालो, संदर्भ आहेत. बेटाचा उल्लेख पहिल्यांदा कुठे आला, घरांच्या बांधणीवर कोणी काय लिहिलंय, प्रत्येकाला लिंक दिलीये, प्रामाणिकपणा म्हणून. "पाहुण्याने उंबऱ्यात पाय ठेवला की तुम्ही त्याला हाताला धरून ग्रंथालयात पोचवताय. तो कशाला परत येतोय? आणि हे नाश्त्याचं पान बघा. यावरून खोलीच्या पानावर जायला रस्ताच नाही. इथे आलेला माणूस इथेच अडकला." मला त्या माणसाबद्दल फार वाईट वाटलं. तिकडे ब्रेड आहे, लोणी आहे, आणि दार नाही.

तर ते तिने नीट केलं, आणि म्हणाली, "आता बाहेरून लिंका आणा. बेटावरच्या मंडळांच्या पानांवरून. मागायला काय लागतं?" मागायला काय लागतं! सांगतो.

गेलो प्रेबेनकडे. प्रेबेन म्हणजे आमच्या फेरीवरचा जुना तांडेल. आवाज असा, की धुक्यात भोंगा बिघडला तर याला पुढे उभं करायचे. बेटावरच्या निम्म्या मंडळांचा हा अध्यक्ष. उरलेल्या निम्म्यांची त्याची मेहुणी. म्हणाला, "लिंक? अरे एस्किल, ती काय, डाव्या हाताचा मळ आहे. पण मंडळाच्या पानावर सभासदांचीच नावं लागतात. नियम आहे. सभासद हो, दुसरं काय असणार." मी विचारलं, कुठल्या मंडळाचा? तर म्हणाला, "आधी हिवाळी पोहण्याचं घे. त्याचं पान सगळ्यात जास्त लोक बघतात. मुख्य म्हणजे फोटोंमुळे."

आता मी असा माणूस की अंघोळीचं पाणी कोपराने तपासून बघतो. पण बटाट्याचा वाफा डोळ्यांपुढे आला. झालो सभासद. आणि त्यांची वार्षिक सभा कुठे भरते? सॉनात, म्हणजे तापवलेल्या लाकडी खोलीत. सगळे नागडे, सगळे घामाने निथळताहेत, मी सगळ्यात वरच्या फळीवर, कारण नवीन माणसाला मान म्हणून वर बसवतात, दाराच्या आणि माझ्या मध्ये प्रेबेन, आणि प्रेबेनच्या आजूबाजूला कुठेही फट नाही. अहवाल वाचला. मंजूर. मग नवी शिडी घ्यावी का यावर चर्चा. बाहेर पडायला वाट एकच, आणि ती सरळ समुद्रात जाते. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ना, तसं, फक्त आड उकळतोय आणि विहीर गोठलीये. चष्म्यावर वाफ, कानात नाडी. आणि कुठूनतरी प्रेबेनचा आवाज, "सचिवाची जागा रिकामी आहे. एस्किलने आयुष्यभर लिहिण्याचंच काम केलंय. कोणी विरोधात?" मला विरोध करायचा होता हो. पण तोंड उघडलं तर आत गरम हवा जाईल अशी भीती वाटली. गप्प बसलो. गप्प बसलं की हो झालं. टाळ्या. ओल्या टाळ्या, त्यांचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

पण लिंक मिळाली. घरी येऊन, दात वाजताहेत, शाल पांघरून बघतो तर काय, लिहिलंय: 'आमच्या सचिवाचं घर बघायचं असेल तर इथे टिचकी मारा.' सिग्नेला फोन केला. म्हणाली, "'इथे टिचकी मारा' म्हणजे काय ते नेटला कसं कळणार बाबा? लिंकच्या शब्दांतच यायला हवं, की पलीकडे काय आहे. 'व्हेस्टरहोल्म बेटावर समुद्राजवळ खोल्या' असं लिहायला सांगा." मी प्रेबेनला सांगितलं. त्याने बदललं. नवीन काय लिहिलं? 'एस्किल जरा रडका आहे पण बायको छान आहे आणि नाश्ता भरपूर.' गुड्रूनला ते आवडलं. तिने बदलू दिलं नाही.

मग काय, एकदा पाय घसरला की घसरला. भट्टी मंडळ, म्हणजे जिथे मासे धुरावर भाजतात ती जुनी भट्टी जपणारं. झेंडा मंडळ. मग गायनाचं... मला गाता येत नाही, हे मी त्यांना गाऊन दाखवलं, तर म्हणाले, कोणीतरी स्वरलिपीची पानं उलटायला हवाच होता. प्रत्येक ठिकाणी तेच. कॉफी येते, केक येतो, अध्यक्ष सावकाश, झोपाळू आवाजात एकेक विषय उरकत जातात, आपण सैल होतो, शेवटी 'आयत्या वेळचे विषय' येतात, आणि आयत्या वेळचा विषय आपण असतो. तोंडात केक. गप्प बसलो. हो झालं.

गुड्रून म्हणायची, "तू 'नाही' का म्हणत नाहीस?" मी म्हणायचो, अगं, घर. ती म्हणायची, "घर वाचेल पण त्यात तू कधी दिसणार?" आणि खरंच, संध्याकाळी ती एकटी जेवायची. एकदा भट्टी मंडळाकडून आलो तर ताटावर ताट झाकलेलं, आणि ती टेबलाशीच झोपलेली. तेव्हा मला वाटलं, तळघरात निदान समोरासमोर बसलो असतो.

आणि एवढं करून पान किती वर आलं? सशांच्या खाली. जेमतेम तंबूवाल्यांच्या वर. सिग्ने म्हणाली, "असंच असतं. तू माझी पाठ खाजव, मी तुझी, हे नेटला पण कळतं. खरी लिंक म्हणजे जी न मागता मिळते. लोकांच्या कामाचं काहीतरी लिहा ना बाबा. तुम्हाला जे सगळ्यात चांगलं माहितेय ते." मला सगळ्यात चांगलं काय माहितेय? मी रात्रंदिवस विचार केला आणि प्रामाणिक उत्तर सापडलं. काळजी.

मग बसलो आणि लिहिलं. व्हेस्टरहोल्मवर काय काय बिघडू शकतं. वारा वाढला तर फेरी केव्हा रद्द होते आणि मग कुठे झोपायचं. गवतातल्या गोचिडी. कुठल्या किनाऱ्यावर पाणी आत ओढतं. डॉक्टर बेटावर कुठल्या वारी नसतो. रविवारी ब्रेड संपला तर कोणाचं दार वाजवायचं आणि कोणाचं चुकूनही वाजवायचं नाही. लिहीतच गेलो. आयुष्यात इतकं सुचलं नव्हतं मला. आणि तुम्हाला सांगतो, मी न मागता फेरीबोटवाल्यांनी आपल्या पानावर त्याची लिंक दिली. मग चर्चने दिली. मग बेटावर सहली आणणाऱ्या शाळांनी. कोणी ग्राह्य धरता येत नाही असं म्हणालं नाही. जूनमध्ये शोधलं, तर पहिलं. अगदी वर. ससे खाली. मी गुड्रूनला हाक मारली आणि दोघं नुसते बघत बसलो.

खोल्या भरल्या. भरल्या म्हणजे, कोण आले? ते पान वाचून जे आले ते. सगळे माझ्यासारखे. नाश्त्याला एक गृहस्थ विचारतात, हे अंडं कधीचं? त्यांची बायको विचारते, आज ढग कुठून येताहेत? मी सांगतो, ते लिहून घेतात. पण येतात, आणि पुढच्या वर्षीचं सांगून जातात, कारण म्हणे दुसरीकडे कुठे इतकं सुरक्षित वाटत नाही. सिग्नेने तळघरात शिवणयंत्र ठेवलं. घर राहिलं.

म्हणजे मी सुटलो ना? मलाही तसंच वाटलं. सिग्नेला फोन केला, म्हटलं, आता मंडळं सोडतो. ती म्हणाली, "सोडलीत तर ते तुमच्या लिंका काढतील." म्हटलं, पण पान तर माझ्या काळज्यांमुळे वर आलं ना, प्रेबेनच्या लिंकमुळे थोडंच? तर म्हणाली, "बहुतेक." म्हटलं, बहुतेक म्हणजे? "म्हणजे नक्की कोणालाच माहीत नसतं बाबा. सगळं मिळून होतं. एखादी काढल्याने काही होणार नाही, किंवा होईल. मी तुमच्या जागी असते तर हात लावला नसता."

आता हे कोणाला सांगितलं? मला. जो माणूस कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघतो, त्याला तुम्ही 'बहुतेक' सांगताय. मला जर कोणी खात्रीने सांगितलं असतं, की ओल्या टाळ्यांचा काडीचा उपयोग नाही, तर मी आज मोकळा असतो. पण उपयोग असला तर? मी सचिवपद सोडलं आणि सकाळी ससे वर असले तर? गुड्रूनचे बटाटे नुकते उगवलेत. म्हणून जातो. जानेवारीत शिडी उतरतो, स्वरलिपीची पानं उलटतो, धुरात खोकतो. आता गुड्रूनही येते, किनाऱ्यावर टॉवेल घेऊन उभी राहते. म्हणते, भेट तरी होते.

तर हे असं आहे. तुम्हाला यातून काय शिकायचं ते शिका, मला विचाराल तर... माफ करा, बाई काहीतरी म्हणताहेत. काय? हो, फेरी. अजून वेळ आहे? बरं. हो, ऐकतोय. ...तुमच्या मंडळाची वेबसाइट? कोणालाच सापडत नाही? वाईट वाटलं ऐकून. ...समिती नेमायची? चांगला विचार आहे, तरुण कोणी... मी? नाही नाही, हे बघा, मी इथला नाही, मी सभासदही नाही. ...आत्ताच केलंत? भाषणाच्या बदल्यात? नाही, ऐका, मी या वेळी गप्प बसलेलो नाही, उलट केव्हाचा बोलतोयच, सगळ्यांनी ऐकलंय. ...काय म्हणालात? इतकं बोलता येणारा माणूस मंडळात कोणी नाही म्हणून?

मंडळी, कोणी विरोधात आहे का? मागच्या रांगेतले तुम्ही, तुम्ही मघाशी मान हलवत होतात. ...नाही? कोणीच नाही?

बरं. मग एवढंच सांगा, तुमच्या पानावर गुड्रूनच्या खोल्यांची लिंक द्याल ना? ...देणार म्हणता. नक्की ना?

मग पहिली बैठक कधी ठेवताय?