टॉवेलवाली खुर्ची

हसायचं असन तर हसा, पण माह्या बायकोपाशी बोलू नका.

सावली गावात आमची बांबूच्या टोपल्या-सुपांची सहकारी संस्था होती. अध्यक्ष माहा साडभाऊ नामदेव, म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली खुर्ची त्याची, आमी सारे सभासद खाली सतरंजीवर. पुढं कामच बंद पडलं, तरी बायको चारचौघांत सांगे, "आमचे भाऊजी अध्यक्ष हायेत." ते ऐकलं का माह्या पोटात दुखे. शेवटी मीच तालुक्याच्या हाफिसात अर्ज देल्ला, संस्था कायमची बंद करा.

बंद करायच्या सभेले साहेब आले. नेमका नामदेवले ताप. मले म्हणे, "साडभाऊ, आज तुमीच बसा खुर्चीवर."

बसलो. पाठीले मऊ टॉवेल लागला, गळ्यात हार पडला. साहेब म्हणाले, "अध्यक्ष महोदय, बंद करण्याच्या ठरावावर सही करा."

मी म्हटलं, "एवढी घाई काऊन करता साहेब? संस्था अजून चालू शकते ना!"

साहेबांनी फाइल उघडली. "अहो, बंद करा म्हणून अर्ज तर तुमचाच आहे!"

म्हटलं, "माहाच हाय साहेब. पण तो मी सतरंजीवर बसून लिवला होता."