हीटरच्या तोंडावरची चिकटपट्टी

नाव : माझ्या भावाने तक्रारीत लिहिले आहे तेच. आडनाव मात्र त्याने माझ्या नवऱ्याचे लिहिले आहे. ते मी कधीच टाकले, आणि हे त्याला चांगले माहीत आहे. वय : ४६. धंदा : शिवणयंत्रांची दुरुस्ती. राहणार : वडिलांच्या घरी, तळमजला, मागची खोली.

समक्ष पोलीस ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगते की, माझ्या थोरल्या भावाने माझ्यावर गाडीच्या इंजिनाचे हेड चोरल्याचा आळ घेतला आहे. हेड, म्हणजे इंजिनावरचे जड झाकण, माझ्याकडे आहे. जुन्या चादरीत गुंडाळून माझ्या खाटेखाली ठेवले आहे. ते चोरीला गेलेले नाही. गाडी वडिलांची आहे आणि वडील हयात आहेत, याचा भावाला तक्रार लिहिताना विसर पडला असावा.

सदर गाडी वडिलांनी मी शाळेत असताना जुनीच विकत घेतली. इंजिन किती तापले ते दाखवणारा तिचा काटा फार वर्षांपूर्वी मधोमध अडकला, तो आजतागायत तिथेच आहे. हीटरचा खटकाही तुटलेला आहे, त्यामुळे हीटर बंद होत नाही. वडिलांनी दोन्ही कधी दुरुस्त केले नाहीत, कारण एकाचे काम दुसरा करतो. हीटरला गरम पाणी इंजिनातूनच येते. डॅशबोर्डच्या खाली, चालवणाऱ्याच्या गुडघ्याशी, हीटरचे तोंड आहे. तिथून गरम वारा येतोय तोवर इंजिनात पाणी आहे. वारा थंड लागला की पाणी संपले, गाडी जागच्या जागी थांबवायची. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा वडील चालवताना मधूनमधून तिथे हात ठेवतात. ऐन उन्हाळ्यात आम्ही भावंडे त्या गाडीत भाजून निघालो आहोत. पाहुणे हसायचे, वहिनी तर तिच्यात बसायलाच तयार नसते. पण इतक्या वर्षांत वडिलांच्या हातून ते इंजिन एकदाही तापले नाही.

मागच्या महिन्यातल्या एका शनिवारी भावाचा टेम्पो बंद होता. त्याचा पार्सलचा धंदा आहे. त्याने वडिलांची गाडी नेली. वडिलांना विचारले नाही, खिळ्यावरची किल्ली काढली आणि गेला. दुपारी परत आला, गाडी अंगणात लावली, रेडिएटरमध्ये नळीने पाणी भरले आणि वर निघून गेला. पाणी भरताना मी खिडकीतून पाहिले. मला तेव्हा वाटले, चला, एवढी तरी अक्कल आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील त्याच गाडीने भाजीला निघाले. गल्लीच्या कोपऱ्यावर गाडी आचके देऊन बंद पडली, मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला. शेजाऱ्यांनी ढकलत घरी आणली. ऑइलचे झाकण उघडले तर आत दुधाळ चहासारखा फेस. म्हणजे पाणी आणि ऑइल वेगळे ठेवणारे हेडखालचे गॅस्केट गेले आणि पाणी ऑइलमध्ये मिसळले. भाऊ जिन्यावरून खाली आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "पाणी बघितलं होतंत का बाबा? नाहीच बघितलं! कधीपासून सांगतोय, ह्यांचं कशात लक्ष राहिलेलं नाही. उद्या घर पेटवतील." वडील म्हणाले, "बघितलं असेल रे." भाऊ म्हणाला, "असेल म्हणजे? बघितलं की नाही?" भावाने त्यांच्या हातातून किल्ली काढून घेतली. माझे वडील चाळीस वर्षे गाडी चालवत आले आहेत. शेजारी बघत होते. मीही बघत उभी होते, कारण मलाही तेव्हा ते खरे वाटले.

त्या दिवसापासून वडील गॅस पेटवण्याआधी मला विचारतात. आंघोळीचे पाणी काढू का, म्हणून विचारतात. भावाने त्यांच्यासाठी वृद्धाश्रमात जागा बघितली आणि येत्या एक तारखेला जायचे, असे त्यांना सांगितले. वडील "बरं" म्हणाले. त्यांच्या दोन खोल्यांत पार्सलचा माल राहील, हे भावाने त्यांना सांगितले नाही, वहिनीने मला सांगितले. माझ्या मागच्या खोलीचे काय, हे मी विचारले नाही.

गाडी भंगारात जाणार असे कळल्यावर मी माझ्या ओळखीच्या मिस्त्रीला बोलावले. इंजिनाचे हेड आम्ही दोघांनी मिळून अंगणात उघडले. गॅस्केट दोन सिलिंडरच्या मधोमध जळून काळे पडले होते. मिस्त्री म्हणाला, "हे गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन होत नाही, बाई. ही गाडी कोणीतरी बिनपाण्याची लांबून दामटत आणली आहे. नंतर वरून पाणी भरून ठेवलं की काय फायदा?" नंतर मी पाने गोळा करताना एक पाना डॅशबोर्डखाली घरंगळला. तो काढायला हात घातला तेव्हा हीटरच्या तोंडावर चिकटपट्टी लावलेली लागली. पट्टी पार्सलला लावतात तशी, तांबडी, 'नाजूक माल, जपून हाताळा' असे छापलेली. अशा पट्ट्यांची खोकी आमच्या जिन्याखाली भावाने रचून ठेवली आहेत. इस्त्रीच्या पँटवर गरम वारा येत होता म्हणून भाऊसाहेबांनी हीटरचे तोंडच बंद केले. ज्या वाऱ्याने त्याला सांगायचे होते की थांब, पाणी संपले, त्याच वाऱ्याला त्याने पट्टी मारली आणि तसाच घरापर्यंत आला. सदर पट्टी सोलून मी प्लॅस्टिकच्या पिशवीवर चिकटवली आहे व ती आज इथे हजर केली आहे.

पट्टी मी आधी वडिलांना नेऊन दाखवली. मला वाटले होते त्यांचा जीव भांड्यात पडेल. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "मीच लावली असेल." मी म्हटले, "बाबा, तुम्ही कशाला लावाल? वारा आला नाही तर तुम्हाला गाडी चालवता येते का?" ते म्हणाले, "हल्ली काही सांगता येत नाही गं. जाऊ दे. त्याला बोलू नकोस." ते कॉटवर भिंतीकडे तोंड करून झोपले. मला भावाचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता, आणि हे वाक्य कमी करू नये.

त्यानंतर मी हेड उचलून माझ्या खोलीत नेले. काल सकाळी भाऊ भंगारवाल्याला घेऊन आला. बॉनेट उघडल्यावर भंगारवाला म्हणाला, "अर्धं इंजिन कुठाय? असली भानगडीची गाडी मला नको," आणि निघून गेला. भावाने मला विचारले, "हेड कुठंय?" मी म्हटले, "माझ्याकडे. बाबांसमोर उभा राहा आणि सांग, शनिवारी गाडी कोणी तापवली. मग उचलून देते." तो म्हणाला, "तुझ्याही डोक्यावर परिणाम झालाय. चिकटपट्टी काय, कोणीही लावतं." मी म्हटले, "मग सांग ना, कोणी लावली?" त्यावर त्याने माझा संसार का मोडला, हे गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. त्याचा गाडीशी संबंध नसल्याने ते इथे लिहीत नाही.

मी पाना उगारल्याचे तक्रारीत लिहिले आहे. पाना हातात होता हे खरे. उगारला नाही. उगारला असता तर भाऊ स्वतःच्या पायांनी चालत तक्रार द्यायला आला नसता.

जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांनी "गैरसमजातून प्रकार घडला" असे लिहू का, म्हणून विचारले. लिहू नये. गैरसमज फक्त एका माणसाचा झालेला आहे, तो स्वतःबद्दल झालेला आहे आणि तो करून देण्यात आलेला आहे. भावाने आज वडिलांना साक्षीदार म्हणून बरोबर आणले आहे. इथे येताना त्याने रिक्षात त्यांच्याकडून पाठ करून घेतले, "गाडी माझ्याच हातून गेली." मी त्याच रिक्षात पुढे बसले होते. आल्यापासून वडील बाहेर बाकावर आहेत. पाणी पिऊ का, असे त्यांनी हवालदाराला दोनदा विचारले.

हेड मी परत द्यायला केव्हाही तयार आहे. अट वर सांगितली तीच.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यानंतर तो मी पुन्हा एकदा, दार उघडे ठेवून, मोठ्याने वाचायला सांगितला, कारण वडिलांना कमी ऐकू येते. साहेबांनी तसा वाचला. चिकटपट्टीचा भाग आला तेव्हा वडील उठून दारात आले. भाऊ म्हणाला, "बाबा, बसा तिकडे." ते बसले नाहीत. ते जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत इथे जोडावे, असे मी सांगितल्यावरून लिहिले आहे :

"त्या सकाळी मी हात ठेवला होता. रोजच्या जागी. वारा लागला नाही, काहीतरी गुळगुळीत लागलं. मला वाटलं, माझा हातच बधिर झाला. म्हणून मी कोणाला बोललो नाही."

एवढे वाक्य वडिलांना पुन्हा वाचून दाखवले. भावाकडे न बघता ते म्हणाले, बरोबर आहे.